फुकट फोन, छत्तीस हप्ते आणि ड्रॉवरमधलं सिम

जर्सी सिटीत राहणाऱ्या, मूळच्या सांगलीच्या एका सव्वीस वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. एमएससाठी ती इथे आली तेव्हा सीनियर मुलांनी तिला आपल्या फॅमिली प्लॅनमध्ये सामावून घेतलं. पाच जणांचा ग्रुप, माणशी महिना ३० डॉलर. आयफोन १३ सुद्धा तिने त्याच अकाउंटवर ३६ हप्त्यांत घेतला. ते हप्ते ऑगस्टमध्ये फिटले. आता ज्याच्या नावावर अकाउंट आहे तो मुलगा सिअ‍ॅटलला चालला आहे आणि महिनाअखेर प्लॅन बंद करणार आहे. मॉलमधल्या एका मोबाइल कंपनीच्या दुकानात तिला ८०० डॉलरचा नवा आयफोन 'फुकट' देऊ केलाय. त्यासाठी जुना फोन त्यांना द्यायचा, महिना ८५ डॉलरचा अनलिमिटेड प्लॅन घ्यायचा आणि ३६ महिने टिकायचं. हप्त्यांनी क्रेडिट स्कोअर वाढतो, असंही तिथल्या मुलाने सांगितलं. ऑफिसातला एक सहकारी मात्र म्हणतो, अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा, फोन रोख घे. पण तिच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे, एकदम ८०० डॉलर काढायला हात धजत नाही. अनलॉक्ड फोनला नेटवर्क नीट मिळत नाही असंही तिने ऐकलंय. जुना फोन आईला द्यायचं तिने कबूल केलंय आणि आई डिसेंबरची वाट बघतेय. शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे, म्हणजे ओपीटीचे, २० महिने उरलेत, कामाच्या व्हिसाच्या (एच-१बीच्या) लॉटरीत दोनदा नंबर लागलेला नाही. पत्राच्या शेवटी कंसात एक वाक्य आहे: "माझं भारतातलं सिम अमेरिकन फोनला चालत नाही, म्हणून ते एका जुन्या अँड्रॉइडमध्ये घालून ड्रॉवरमध्ये ठेवलंय, बँकेच्या ओटीपीपुरतं. गेल्या वर्षी सांगलीत असताना भावाच्या हॉटस्पॉटवर दिवस काढले." तिचा प्रश्न असा, की हा फुकटचा फोन घ्यावा की नाही.

---

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी वाटलं, हा आकडेमोडीचा प्रश्न आहे, कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटांत सुटेल. दुसऱ्यांदा वाचताना त्या कंसातल्या वाक्यापाशी अडखळले. तू ते जाता जाता लिहिलंयस, पण माझ्या मते तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या ड्रॉवरमध्येच आहे.

भारतातलं सिम 'अमेरिकन फोनला' चालत नाही, असं काही नसतं गं. आयफोन १३ला जर्सी सिटीतलं आणि सांगलीतलं सिम सारखंच. उलट त्यात एक सिम ट्रे आहे आणि वर ई-सिमची, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच भरल्या जाणाऱ्या सिमची, सोयही आहे, म्हणजे इथला आणि तिथला असे दोन्ही नंबर त्यात एकाच वेळी सुखाने नांदू शकतात. तुझ्या फोनला सिम चालत नाही, कारण तो लॉक केलेला आहे. ज्या कंपनीच्या अकाउंटवर हप्त्याने घेतला, तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाचं सिम घ्यायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलंय. ई-सिमलाही तोच नियम, त्यामुळे ट्रेच्या जागी ई-सिम वापरून सुटका होत नाही.

आत्ताच तपासून बघ. सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट. खाली सरकत गेलीस की 'कॅरियर लॉक' अशी ओळ दिसेल. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असं लिहिलेलं असेल तर मी तुझी क्षमा मागते आणि ते ड्रॉवरमधलं सिम आजच बाहेर काढ. 'सिम लॉक्ड' असेल, आणि मला वाटतं तसंच असेल, तर तुझे हप्ते ऑगस्टमध्ये फिटूनही फोनचं कुलूप उघडलेलं नाही. काही वेळा ते आपोआप उघडतं, काही वेळा आपण मागितल्याशिवाय कोणी उघडत नाही. मागायचा अधिकार मात्र आहे. हे अनलॉकिंग २०१३च्या सुरुवातीला कंपनीच्या परवानगीशिवाय केलं तर बेकायदा ठरू लागलं होतं. लाखाच्या वर लोकांनी सह्या केल्या, आणि १ ऑगस्ट २०१४ला ओबामांच्या सहीने ते पुन्हा कायदेशीर झालं. पैसे फिटलेला फोन उघडून मागणं ही आपल्याकडे गहाण सोडवून दागिना परत आणण्याइतकी साधी गोष्ट आहे.

आता ही घाई का, ते सांगते. ते अकाउंट तुझ्या नावावर नाही. महिनाअखेर ते बंद झालं आणि तो मुलगा सिअ‍ॅटलच्या धबडग्यात बुडाला, की तुझ्या फोनसाठी ग्राहक सेवेशी बोलणारं कोणी उरणार नाही. तेव्हा नव्या फोनचं काय ते नंतर, आधी त्याला आज संध्याकाळी गाठ. त्याच्या लॉगिनमधून तुझ्या फोनच्या आयएमईआय नंबरवर, म्हणजे ओळख क्रमांकावर, अनलॉकची विनंती टाकायला लाव. (फोनवर *#06# दाबलं की हा पंधरा आकडी नंबर येतो.) विनंती मंजूर झाल्याचा ईमेल येईपर्यंत त्याला शांत बसू देऊ नकोस. एक चहा पाज आणि जवळ बसूनच करून घे.

अशा ग्रुपमध्ये राहणाऱ्या सगळ्यांनाच हे सांगणं आहे. फॅमिली प्लॅनची ही भिशी स्वस्त पडते, त्यात वाईट काही नाही, मीही सुरुवातीची वर्षं तशीच काढली. पण भिशीत निदान प्रत्येकाचा हिशोब वहीत असतो. इथे फोन, हप्ता, कधीकधी नंबरसुद्धा एकाच्या नावावर असतो आणि बाकीचे चौघे त्याच्या चांगुलपणावर. नंबर दुसरीकडे न्यायचा असेल तर अकाउंट नंबर आणि ट्रान्स्फर पिनही त्याच्याकडूनच मिळतो. आणि तो अकाउंट बंद होण्याआधीच न्यावा लागतो. लाइन बंद झाली की नंबरही हातचा जाण्याची भीती.

तर आता त्या फुकट फोनाकडे येऊ.

आपल्याकडे 'फुकट ते पौष्टिक' म्हणतात. दिवाळीत फ्रिजवर मिक्सर मोफत मिळतो तेव्हा मिक्सरची किंमत फ्रिजमध्ये मिसळलेली आहे हे आपल्या आयांना बरोबर कळतं. दुकानदाराला त्या हसत विचारतात, "मिक्सर नको, फ्रिजचे किती कमी कराल?" अमेरिकेत आल्यावर आपण हाच प्रश्न विचारायला विसरतो, कारण इथे फोनची किंमत कधी नीट दिसतच नाही. २००८ची गोष्ट सांगते. त्या वर्षी जुलैमध्ये इथे आयफोन ३जी आला, किंमत १९९ डॉलर. ऑगस्टमध्ये तोच फोन भारतात एअरटेल आणि व्होडाफोनने आणला, तर ८ जीबीच्या फोनला ३१,००० रुपये! लोक चिडले, अमेरिकेत आठ-नऊ हजारांत मिळणारी वस्तू आम्हाला तिपटीने-चौपटीने का? खरं तर फोनाची किंमत साधारण तीच होती. भारतात ती दुकानात एकरकमी मागितली आणि इथे एटी अँड टीच्या दोन वर्षांच्या करारात, महिन्याच्या बिलात विरघळवली, एवढाच फरक.

मी त्याच वर्षी एडिसनला आले आणि तो १९९चा फोन हौसेने घेतला. एकोणीस महिन्यांनी नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं, वर्षभरासाठी पुण्याला जायची वेळ आली. तेव्हा कळलं, करार मोडल्याचा दंड आहे. तो महिन्यामहिन्याने कमी होत जातो, तरी उरलेला भरलाच. (त्या काळी सगळ्या कंपन्या सारख्याच होत्या.) फोन लॉक होता, म्हणून पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानात दिला. त्या मुलाने दोन दिवसांत उघडून दिला, वर बजावलं, "ताई, अपडेट करू नका." मी महिन्याभरात अपडेट केला. पुन्हा कुलूप. पुढचे अकरा महिने तो फोन घरात गाणी ऐकायला वापरला.

ते दोन वर्षांचे करार आता गेले. टी-मोबाइलने २०१३मध्ये ते बंद केले आणि २०१६ उजाडेपर्यंत बाकी मोठ्या कंपन्यांनीही सोडले. पण गेले म्हणजे वेश बदलला. आता 'करार' म्हणत नाहीत, हप्ते म्हणतात. ८०० डॉलरचे ३६ भाग, दर महिन्याला २२ डॉलर २२ सेंट बिलात चढतात, आणि त्याच बिलात तेवढेच 'क्रेडिट' म्हणून वजा होतात. म्हणून फोन फुकट दिसतो. बारकाईने बघ, कंपनीने तुला ८०० डॉलर दिलेले नाहीत. तू त्यांना ८०० डॉलर देणं लागतेस, आणि तू तिथे राहशील तितके दिवस ते थोडं थोडं माफ करणार आहेत. मध्येच निघालीस तर माफी थांबते, देणं थांबत नाही.

आता तुझे २० महिने त्या छत्तीसशेजारी ठेव. हाच मुद्दा दुकानातल्या त्या मुलाने काढला नाही, आणि काढण्याची त्याची गरजही नव्हती. तुझ्या हातात आज २० महिन्यांचा कागद आहे आणि तू ३६ महिन्यांचा शब्द द्यायला निघालीस. नंबर लागो, नोकरी टिको, सगळं छान होवो. मला तुला घाबरवायचं नाही. पण समजा विसाव्या महिन्यात परत जावं लागलं, तर १६ हप्ते म्हणजे सुमारे ३५५ डॉलर एकदम भरायचे. भरल्याशिवाय फोन सहसा अनलॉक होत नाही. म्हणजे ज्या फोनाचे पैसे थकलेत तो सांगलीत सिमशिवाय पडून राहील, माझ्यासारखा गाणी ऐकायला. आणि जुना तेरा तर तू आधीच देऊन बसलेली असशील. परत जाण्याच्या आठवड्यात माणसाकडे काय काय निस्तरायला असतं! लीज मोडा, गाडी विका, बँक, टॅक्स. त्यात हे कशाला?

पण समज, तू राहिलीस. ग्रीन कार्डपर्यंत राहिलीस. तरी हिशोब बघू, कारण तिथेही गंमत आहे.

फुकट फोनावर न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स पूर्ण किमतीवर लागतो, ६.६२५ टक्के, म्हणजे ५३ डॉलर, आणि तो पहिल्याच दिवशी. लाइन सुरू करायचे ३५ डॉलरच्या आसपास. मग ८५ गुणिले ३६, म्हणजे ३,०६०. एकूण ३,१४८ डॉलर, वर प्लॅनवरचे किरकोळ कर आणि सरचार्ज. दुसरी बाजू: तोच फोन अनलॉक्ड, टॅक्ससकट ८५३ डॉलर. आणि प्लॅन मोठ्या कंपन्यांच्याच टॉवरवर चालणाऱ्या छोट्या कंपनीचा. मिंट मोबाइलचा अनलिमिटेड प्लॅन वर्षाचे पैसे एकदम भरले तर महिना ३० पडतो, व्हिजिबलचा साधा प्लॅन २५. ३० धरू. ३६ महिन्यांचे १,०८०. एकूण १,९३३. फरक बाराशे डॉलरच्या वर. फुकटचा फोन विकतच्या फोनापेक्षा बाराशे डॉलरने महाग! रोख घातलेले पैसे चौदाव्या महिन्यातच वसूल होतात, त्यानंतर दरमहा ५५ डॉलर तुझ्या खिशात.

तुझं म्हणणं, एवढे पैसे आत्ता एकदम काढवत नाहीत. कबूल. मोठी रक्कम एका दिवशी हातातून जाणं आणि तेवढीच रक्कम तीन वर्षं झिरपत जाणं, यात दुसरं आपल्याला कमी दुखतं, आणि अख्खा धंदा त्यावर उभा आहे. पण नवा फोन ८००चाच हवा, असं कुठे ठरलं? पत्रात तू 'मला नवा आयफोन हवा' असं कुठेच म्हटलेलं नाहीस. तुला हवंय दोन नंबर चालणारा, रोजच्या कामाला पुरणारा फोन, आणि आईसाठी तेरा. दुकानात गेलीस प्लॅन बघायला, बाहेर आलीस फोनचा विचार घेऊन. गूगलचा पिक्सेल ९ए ४९९ डॉलरला अनलॉक्ड आला, सणासुदीला असे फोन आणखी खाली येतात. आयफोनच हवा तर अ‍ॅपल स्वतः जुने फोन नीट करून गॅरंटीसकट विकतं, मागच्या वर्षीचं मॉडेल बघ. शिवाय फोन बनवणाऱ्या कंपन्या आणि मोठी दुकानंही बिनव्याजी हप्ते देतात. हप्ता वाईट नाही. हप्ता आणि कुलूप एकाच्याच हातात असणं अडचणीचं.

क्रेडिट स्कोअरचं सांगते, कारण नव्याने आलेल्या मुलामुलींना हे आमिष हटकून दाखवतात. मोबाइल कंपन्यांचे हप्ते वेळेवर भरलेस तर ते क्रेडिट ब्युरोंकडे सहसा नोंदलेच जात नाहीत. थकवलेस आणि प्रकरण वसुलीला गेलं, तर मात्र नोंदलं जातं. म्हणजे उगवलं तर त्यांचं, बुडालं तर तुझं. स्कोअरसाठी वार्षिक फी नसलेलं एक क्रेडिट कार्ड, त्यावर महिन्याचा किराणा, आणि पूर्ण बिल ऑटोपेने. एवढं पुरे.

नेटवर्कबद्दल तू ऐकलंस ते अगदीच खोटं नाही, पण चुकीच्या नावावर खपवलंय. अनलॉक्ड आयफोन इथल्या तिन्ही मोठ्या नेटवर्कवर सारखाच चालतो. फरक पडतो तो प्लॅनमुळे. छोट्या कंपन्यांच्या ग्राहकांचा डेटा गर्दीच्या वेळी मागे ठेवतात. मेटलाइफ स्टेडियममध्ये मॅच सुटल्यावर, किंवा ओक ट्री रोडवर दिवाळीच्या शनिवारी, तुझा व्हिडिओ अडेल आणि महागड्या प्लॅनवाल्याचा चालेल. एरवी जर्सी सिटीत तुला कळणारही नाही. आधी महिनाभराचा प्लॅन घेऊन घरात, ऑफिसात, पाथ ट्रेनमध्ये बघ, पटला तरच वर्षाचे पैसे भर. वर्षाचं आगाऊ भरणं हीसुद्धा एक छोटी बेडीच आहे.

ज्यांना भारतातून फोन आणायचा आहे त्यांच्याबाबतीत मात्र ही भीती खरी ठरते. इथल्या कंपन्यांनी २०२२मध्ये ३जी बंद केलं. त्यामुळे भारतातून आणलेला एखादा अँड्रॉइड इथे डेटा चालवतो पण साधा कॉल लावू देत नाही, असे प्रकार होतात. एटी अँड टी तर आपल्या यादीतले फोनच घेते. कंपन्यांच्या वेबसाइटवर आयएमईआय टाकून विमानात बसण्याआधी तपासता येतं. आईबाबांना सहा महिने इथे बोलावणाऱ्यांनीही हे आठवणीने करावं, नाहीतर पहिला आठवडा दुकानं हिंडण्यात जातो.

आता मी कंपन्यांच्या विरुद्ध मोहीम उघडली आहे असं वाटायला लागलं असेल. तसं नाही. माझ्या नणंदेच्या घरी चार लाइन्स आहेत, चौघे वरच्याच प्लॅनवर, माणशी पंचेचाळीस-पन्नास डॉलर पडतात, घर स्वतःचं, कुठे हलायचं नाही. वरचा प्लॅन त्यांना तसाही हवा होता. मुलांचे फुटक्या काचांचे फोन देऊन चार नवे आले. तिला मी 'नको' म्हणाले नाही. ज्याला त्याच कंपनीत, त्याच प्लॅनवर तीन वर्षं राहायचंच आहे, त्याच्यासाठी ते क्रेडिट म्हणजे खरंच सूट आहे. सही करण्याआधी तिला तीनच गोष्टी कागदावर घ्यायला सांगितल्या: किती महिने, कोणत्या प्लॅनखाली उतरलं तर क्रेडिट बंद होतं, आणि फोन कधी अनलॉक होतो. जुना फोन देताना त्याचा फोटो, आयएमईआय आणि पावती. दुसऱ्या-तिसऱ्या बिलात क्रेडिट आलंय ना ते बघायचं, कारण ते यायला वेळ लागतो आणि आलं नाही तर भांडावं लागतं.

आणि हो, मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या माहितीवर जाऊ नये. व्हेरायझनचे फोन इतरांपेक्षा लवकर उघडतात, असं वर्षानुवर्षं सगळे एकमेकांना सांगत आले. त्यांनी २००८च्या सरकारी लिलावात घेतलेल्या मोबाइल लहरींना फोन लॉक न करण्याच्या अटीच होत्या, २०१९मध्ये त्यांना ६० दिवस लॉक ठेवायची मुभा मिळाली. हे नियम सरकतात. ज्या दिवशी घ्यायचा त्या दिवशीचा नियम विचारायचा.

तुझ्याकडे परत येते. आईला तेराच दे, आणि तोही केवळ शब्द दिलास म्हणून नाही. इथे विकल्या जाणाऱ्या आयफोनना चौदापासून सिम ट्रेच नाही, फक्त ई-सिम. नवा फोन कधी आईला देशील तर तिचं सिम आधी ई-सिममध्ये बदलावं लागेल, फोन बिघडला तर सिम काढून बाबांच्या फोनात घालायची सोय नाही. तेरामध्ये ट्रे आहे. अनलॉक झाला की तिचं आत्ताचं सिम नुसतं सरकवायचं. बॅटरी थकली असेल तर अ‍ॅपलकडे ८९ डॉलरमध्ये नवी बसते, ती इथूनच बसवून ने. मुलीने पाठवलेला फोन दुपारी चारला बंद पडतो, असं तिला शेजारणीला सांगावं लागू नये.

तुझा नवा फोन आयफोन असेल तर तुझं सांगलीचं सिमही ई-सिम करावं लागेल. ते डिसेंबरमध्ये घरी गेलीस की पहिल्या दोन-तीन दिवसांत कर, निघायच्या आदल्या रात्री नको. सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी सुमारे चोवीस तास त्यावरचे एसएमएस बंद ठेवतात, तेवढ्यात बँकेचा ओटीपी लागला तर पंचाईत. सॅमसंग घेतलास तर त्यांच्या इथल्या गॅलेक्सी एस२५मध्येही ट्रे आहे, मग हा खटाटोपच नाही. एकदा दोन्ही नंबर एका फोनात आले, की बँकेचं अ‍ॅपही त्यातच बसेल. आपल्या बँकांची अ‍ॅप्स आणि यूपीआय सुरू होताना त्याच फोनातल्या सिमवरून एसएमएस जातो की नाही ते बघतात, म्हणून तर तुला आत्तापर्यंत सगळं त्या अँड्रॉइडवर करावं लागलं. इथे असताना भारतीय लाइनचा डेटा आणि डेटा रोमिंग बंद ठेव, लाइनचं आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असेल तर एसएमएस तसेही येतात. तिथलं रिचार्ज मात्र चुकवू नकोस, नंबर गेला तर बँकेत नवा नोंदवायला सांगलीच्या शाखेत स्वतः उभं राहावं लागू शकतं.

प्लॅनमध्ये वाचणाऱ्या ५५ डॉलरचं काय करायचं ते तू ठरव. शिक्षणाच्या कर्जात जास्तीचा हप्ता म्हणून टाकलेस तर बाबांना, जामीनदार तेच असतील ना, बरं वाटेल.

तेव्हा क्रम लक्षात ठेव. आज त्या मुलाकडून अनलॉक. तो ईमेल आला की त्याच्याकडून ट्रान्स्फर पिन घेऊन नंबर तुझ्या नावाच्या महिनाभराच्या प्लॅनवर, महिना संपण्याच्या चार दिवस तरी आधी. तेरा तोवर वापरत राहा, तुझी कुठलीच घाई नाही. थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये शांतपणे अनलॉक्ड फोन घे. बॅटरी बदल, तेरामधून तुझा अ‍ॅपल आयडी काढ, सगळं पुसून कोरा कर.

आईसाठी कव्हर मात्र इथून नेऊ नकोस. तेराची कव्हरं सांगलीत शंभर-दीडशेत मिळतात, आणि तिला रंग स्वतः निवडायचा असेल.